आधी शांत दिवस बघा : वरच्या वातावरणावर पीएचडी करू पाहणाऱ्यांसाठी

उत्तर ध्रुवाच्या वर, जमिनीपासून तीसेक किलोमीटर उंचीवर, ऐन थंडीत तापमान काही दिवसांत तीस-चाळीस अंशांनी, कधी त्याहूनही जास्त चढतं. त्याच सुमारास तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या चुंबकमापकावरची दुपारची रेघ नेहमीची वाट सोडते. दोन्ही जागांमध्ये हजारो किलोमीटर आहेत, आणि ही रेघ ज्या विद्युतप्रवाहामुळे हलते तो शंभर किलोमीटरच्याही वर वाहतो. या दोन घटनांचं नातं आहे हे आता सगळे मानतात. ते नेमकं कसं जुळतं आणि दर वेळी सारखंच का जुळत नाही, यावर अजून प्रबंध लिहिले जातात. त्यातला एक माझा.

एमएस्सी फिजिक्स संपवून या विषयाकडे वळू पाहणारी मुलं-मुली अधूनमधून मेल करतात. सडन स्ट्रॅटोस्फेरिक वॉर्मिंगवर, म्हणजे ध्रुवावरच्या याच अचानक तापण्यावर, काम करायचंय, सुरुवात कुठून करू? माझ्या उत्तरानं बरेचजण हिरमुसतात. मी सांगते, वॉर्मिंग सध्या बाजूला ठेवा. जानेवारीतला एखादा काहीही न घडलेला दिवस घ्या आणि त्या दिवशी हवा काय करत होती ते आधी शोधा.

तरी आधी वॉर्मिंगची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. १९५२ च्या हिवाळ्यात बर्लिनवरून सोडलेल्या रेडिओसाँड फुग्यांच्या नोंदींत रिचर्ड शेरहाग यांना ही अचानक वाढ पहिल्यांदा दिसली. असं का होतं याचं पटण्याजोगं उत्तर मिळायला १९७१ उजाडलं. ते मात्सुनो यांनी दिलं. हिवाळ्यात ध्रुवाभोवती स्थितांबरात, म्हणजे साधारण दहा ते पन्नास किलोमीटरच्या थरात, पश्चिमी वाऱ्यांचा मोठा भोवरा फिरत असतो. खाली हिमालय-रॉकीसारखे डोंगर, जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक, यांमुळे हजारो किलोमीटर लांबीच्या ग्रहीय लहरी तयार होतात. पश्चिमी वारे असले आणि त्यांचा वेग फार नसला तरच त्या वर चढू शकतात. चार्नी आणि ड्रॅझिन यांनी हे १९६१ मध्ये दाखवलं होतं. वर हवा विरळ, त्यामुळे लहरींचा आवाका वाढत जातो, शेवटी त्या मोडतात आणि भोवऱ्याला मागे ओढतात. भोवरा मंदावतो, सरकतो किंवा दुभंगतो. ध्रुवावरची हवा खाली बसते, दाबली जाते आणि तापते.

पीएचडीच्या मुलाखतीत वॉर्मिंगचा विषय निघालाच तर हमखास विचारतात, की ध्रुवावर तर सूर्य उगवलेलाही नसतो, मग उष्णता आली कुठून? ती कुठून वाहून आणावी लागत नाही, खाली येणारी हवा दाबामुळे तापते, हे ज्याला चटकन सुचतं त्याच्याकडे समिती जरा सावरून बसून बघते. लगेच पुढचा प्रश्न येतो : मग त्याच वेळी स्थितांबराच्या वरचं मध्यांबर थंड का पडतं? त्याचं उत्तर ग्रॅव्हिटी वेव्हमध्ये, म्हणजे डोंगर-वादळांवरून उठणाऱ्या हवेच्या लहान लहरींत, आहे. स्थितांबरातले वारे बदलले की कुठल्या लहरी वर जाऊ शकतात हे बदलतं आणि वरचं अभिसरण पालटतं. हे मी इथे दोन ओळींत उरकतेय, पण कागदावर स्वतः आकृती काढल्याशिवाय ते डोक्यात बसत नाही.

व्याख्या पाठच करून टाका. ६० अंश उत्तर अक्षवृत्तावर, १० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीला (साधारण तीस किलोमीटर उंचीवर), अक्षवृत्तभर सरासरी काढलेला पूर्व-पश्चिम वारा उलटा फिरला तर ते मेजर वॉर्मिंग. तापमान वाढलं पण वारा उलटला नाही तर मायनर. उत्तर गोलार्धात मेजर वॉर्मिंग दशकात साधारण सहा वेळा होतं, पण घड्याळ लावून नाही. १९९० च्या दशकात बराच काळ जवळजवळ शुकशुकाट होता, आणि २०२४ मध्ये मात्र जानेवारीत एक आणि मार्चमध्ये दुसरं झालं. दक्षिण गोलार्धात आतापर्यंत एकच मेजर नोंदलं गेलंय, सप्टेंबर २००२ मध्ये. तेव्हा ओझोनचं छिद्र दोन तुकड्यांत फाटलं होतं. २०१९ च्या सप्टेंबरमधलं ताकदवान होतं, पण व्याख्येत बसलं नाही.

आता आपल्या आकाशाकडे. भारतातल्या संस्थांना या विषयात इतका रस असण्याचं कारण चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर असतं ती रेघ, हे आहे. ते केरळ-तमिळनाडूच्या दक्षिण टोकावरून जातं. त्याच्या वर, साधारण १०५ किलोमीटर उंचीवर, दिवसा पूर्वेकडे वाहणारा विद्युतप्रवाहाचा अरुंद पट्टा असतो : इक्वेटोरियल इलेक्ट्रोजेट. केरळातल्या थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला भारतातलं पहिलं रॉकेट उडालं, ते ठिकाण निवडण्यामागेही हा पट्टाच होता. एखाद्या दिवशी दुपारी हा प्रवाह चक्क उलटा, पश्चिमेकडे वाहतो. त्याला काउंटर इलेक्ट्रोजेट म्हणतात. काउंटर इलेक्ट्रोजेट आणि ध्रुवावरचं वॉर्मिंग यांची सांगड रॉबर्ट स्टेनिंग आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्येच घातली होती, पण फार जणांनी मनावर घेतलं नाही. २००८ च्या जानेवारीतल्या मायनर वॉर्मिंगच्या वेळी अमेरिकेतल्या मिलस्टोन हिल रडारवर लारिसा गोंचारेन्को यांना आणि पेरूतल्या हिकामार्का रडारवर होर्हे चाऊ यांच्या गटाला आयनांबरात, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरात, ठळक बदल दिसले. पुढच्याच वर्षी जानेवारी २००९ चं प्रचंड वॉर्मिंग आलं. सूर्य अगदी निवांत होता, चुंबकीय वादळं जवळपास नव्हती. निसर्गानं प्रयोगशाळा झाडून-पुसून दिली म्हणा ना. त्यानंतर या विषयावर लेखांचा पाऊस पडला.

इलेक्ट्रोजेट मोजायचा कसा, हे मला अजूनही फार देखणं वाटतं. तिरुनेलवेली त्या पट्ट्याच्या अगदी खाली आहे. अलिबाग जवळपास त्याच रेखांशाच्या पट्टीत, पण पट्ट्याच्या बाहेर. दोन्हीकडच्या चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकातून आपापली मध्यरात्रीची पातळी वजा करायची, आणि मग तिरुनेलवेलीतून अलिबाग वजा करायचं. पृथ्वीभर पसरलेले परिणाम दोघांकडे बहुतांशी सारखे असतात, ते कटतात. उरतो तो इलेक्ट्रोजेट. अलिबागला समुद्रावर फिरायला जाणाऱ्या पुण्या-मुंबईकरांतल्या किती जणांना ती वेधशाळा ठाऊक असेल? मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, हे आधीच ओळखून नानाभॉय मूस यांच्या काळात १९०४ मध्ये चुंबकीय नोंदी अलिबागला हलवल्या गेल्या. कुलाब्याच्या जुन्या नोंदी आणि अलिबागच्या नव्या नोंदी जुळाव्यात म्हणून काही काळ दोन्हीकडे एकत्र मोजमाप चालू ठेवलं होतं. आज आपण स्टेशनची जागा बदलतो तेव्हा एवढी काळजी घेतो का, अशी शंका मला कधीकधी येते.

ध्रुवापासून इथवरचा निरोप घेऊन येतं कोण? भरती-ओहोटी. समुद्रातली नव्हे, हवेतली. सूर्य रोज ओझोन आणि बाष्प तापवतो, त्यातून चोवीस आणि बारा तासांच्या लहरी उठतात आणि वर जातात. वर १००-१२० किलोमीटरच्या थरात त्या विद्युतभारित हवेला चुंबकीय क्षेत्रातून ढकलतात, म्हणजे डायनॅमो फिरतो, विद्युतक्षेत्र तयार होतं, आणि इलेक्ट्रोजेटपासून त्याहून वरच्या आयनांबरातल्या प्लाझ्मापर्यंत (विद्युतभारित वायूपर्यंत) सगळं त्यावर नाचतं. वॉर्मिंगमुळे स्थितांबरातले वारे आणि ओझोनची वाटणी बदलली की बारा तासांची लहर वाढते. ठरावीक चित्र असं : सकाळी प्रवाह नेहमीपेक्षा जोरात, दुपारी उलटा. आणि हे चित्र दर दिवशी थोडं थोडं उशिराकडे सरकतं.

हे सरकणं चंद्राचं आहे. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो. चंद्राच्या ओढीनंही हवेत भरती येते, तिचा काळ १२.४२ तास. एरवी ती क्षीण असते, पण वॉर्मिंगच्या काळात काही पट वाढू शकते. एक स्पष्टीकरण असं की बदललेल्या वाऱ्या-तापमानामुळे वातावरणाची स्वतःची एक नैसर्गिक दोलनवारंवारता चंद्राच्या वारंवारतेजवळ येते.

नवा विद्यार्थी ज्या खड्ड्यात पडतो तो इथेच आहे. बारा तासांची सौर लहर आणि १२.४२ तासांची चांद्र लहर वेगळ्या ओळखायच्या तर किती दिवसांच्या नोंदी हव्यात? तानपुऱ्याच्या दोन तारा अगदी किंचित वेगळ्या लागल्या असतील तर झणकाराचा हेलकावा पूर्ण होईपर्यंत ऐकत बसावं लागतं. चटकन तार सोडली तर फरक कळतच नाही. या दोन लहरींचा हेलकावा पूर्ण व्हायला पावणेपंधरा दिवस लागतात. म्हणजे गणिताची खिडकी, एका वेळी हिशेबात घेतलेले दिवस, पंधरा दिवसांहून लहान घेतली तर तुमचा प्रोग्राम चांद्र लहर म्हणून जे दाखवेल, त्यात सूर्याची लहर मिसळलेली असेल. आणि वॉर्मिंगचा मुख्य काळ तर एक-दोन आठवड्यांचाच! मोठी खिडकी घ्याल तर ज्याचा अभ्यास करायचा तेच सरासरीत विरघळतं. या पेचातून सुटका नाही. फक्त आपण कुठली खिडकी घेतली आणि तिच्यामुळे काय हरवलं, हे प्रामाणिकपणे लिहिता येतं. व्हायवामध्ये परीक्षक इथेच बोट ठेवतात, तेव्हा वेगवेगळ्या खिडक्या वापरून काढलेले निकाल परिशिष्टात तयार असू द्या.

गुंता इथे संपत नाही. वॉर्मिंग नसतानाही उत्तरेकडच्या हिवाळ्यात चांद्र परिणाम मोठा असतो. काउंटर इलेक्ट्रोजेटला अमावस्या-पौर्णिमेची सवय आहेच. जानेवारी २००९ मध्ये वारा उलटला २४ तारखेच्या सुमारास, आणि अमावस्या होती २६ ला. म्हणून तिरुनेलवेलीच्या आलेखात दिसलेला प्रत्येक उलटा प्रवाह ध्रुवाच्या नावावर टाकण्याआधी पंचांग उघडा. मी हे विनोदानं म्हणत नाही, माझ्या टेबलावर कालनिर्णय असायचं आणि त्यावरून पटकन तिथी बघणं हे कोड चालवण्यापेक्षा सोपं पडायचं.

म्हणून आधी शांत दिवस. वॉर्मिंग नसलेल्या हिवाळ्यांतले, चुंबकीय दृष्ट्या शांत दिवस निवडा. चंद्राच्या कलांनुसार त्यांचे गट पाडा. सूर्याची सक्रियता कमी आणि जास्त असलेली वर्षं वेगळी करा. हे कंटाळवाणं काम आहे, यातून लगेच पेपर निघत नाही, आणि गाईड घाईत असेल तर तो म्हणेलही की हे सोड, इव्हेंटवर ये. तरी रेटून करा. घटनांची संख्या मोजलीत तर का ते कळेल : चांगल्या उपग्रह-नोंदींच्या चाळीसेक वर्षांत पंचवीस-तीस मेजर वॉर्मिंग. त्यातून चुंबकीय वादळांच्या काळातली काढा, सूर्य फार तापलेला असतानाची काढा, उपकरण बंद असतानाची काढा. हातात बोटांवर मोजण्याइतकी उरतात. एवढ्यावर सांख्यिकी महत्त्वाची टक्केवारी लावून मोठे दावे करणारे लेख वाचाल तेव्हा जरा भुवई उंचावू द्या. मला एक घटना नीट उलगडणारा लेख दहा घटनांच्या घाईच्या सरासरीपेक्षा नेहमी भावलाय.

माहितीसाठ्यांबद्दल जरा लिहिते, कारण पहिलं वर्ष त्यातच जातं. स्थितांबरासाठी ईआरए५ आणि मेरा-२ ही दोन पुनर्विश्लेषणं (जुनी निरीक्षणं मॉडेलमध्ये घालून काढलेलं वातावरणाचं सलग चित्र) पुरेशी आहेत, दोन्ही फुकट. दोन्हींचं वरचं टोक ०.०१ हेक्टोपास्कल, म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या आसपास, पण म्हणून तिथले आकडे निरीक्षणं आहेत असं धरू नका. वर जाल तसा मॉडेलचा हात वाढत जातो. मेरा-२ मध्ये ऑगस्ट २००४ पासून ऑरा उपग्रहावरच्या एमएलएस या उपकरणाचं तापमान वरच्या थरांत मिसळलं आहे, त्यामुळे त्याआधीची आणि नंतरची घटना शेजारी ठेवताना सांभाळा. तापमानासाठी टाइम्ड उपग्रहावरचं सेबर हे उपकरण उत्तम, २००२ पासूनच्या नोंदी आहेत. मात्र त्या उपग्रहाला दिवसाच्या सगळ्या वेळा गाठायला साठेक दिवस लागतात. साठ दिवसांच्या नोंदींतून काढलेली लहर आणि आठवडाभराचं वॉर्मिंग यांचं जमत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

वाऱ्यासाठी जमिनीवरची रडार. तिरुनेलवेलीचं आणि कोल्हापूरचं एमएफ (मध्यम वारंवारतेचं) रडार, दोन्ही २ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारी. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आहे, आणि तिथे शिकत असताना त्या अँटेनांकडे मी कपडे वाळत घालायच्या तारांइतकंच लक्ष दिलं होतं. तिरुनेलवेलीच्या रडारचे नव्वद किलोमीटरच्या वरचे दिवसाचे आकडे वापरताना इलेक्ट्रोजेटचीच भेसळ त्यात येते, हे साहित्यात नोंदलेलं आहे. वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि वेळ! कुठली फाइल जागतिक वेळेत, कुठली भारतीय प्रमाणवेळेत, कुठली स्थानिक सौरवेळेत, हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवायची सवय लावा. तिरुनेलवेलीची सौरवेळ जागतिक वेळेपेक्षा पाच तास अकरा मिनिटांनी पुढे, अलिबागची चार तास एक्कावन्न मिनिटांनी. लहरीची कला (फेज) काढताना वीस मिनिटं म्हणजे थोडी नव्हेत.

पायथन शिका, त्यातली एक्सअरे लायब्ररी शिका, लीस्ट स्क्वेअर्स फिट (नोंदींच्या सर्वात जवळून जाणारी लहर बसवणं) स्वतःच्या हातानं एकदा लिहा. वेव्हलेटची रंगीत चित्रं नंतर काढता येतील.

प्रवेशाचं बोलायचं तर वाटा अनेक आहेत : नेट, गेट, जेस्ट या परीक्षा, आणि संस्थांच्या स्वतःच्या मुलाखती; दर वर्षी जाहिरात नीट वाचावी. नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था ही मराठी मुलांना घराजवळची. अहमदाबादची पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा), तिरुअनंतपुरमची एसपीएल (अवकाश भौतिकी प्रयोगशाळा), तिरुपतीजवळच्या गदंकीची एनएआरएल (राष्ट्रीय वातावरणीय संशोधन प्रयोगशाळा), जिथे ५३ मेगाहर्ट्झचं मोठं एमएसटी रडार आहे, या बाकीच्या मुख्य जागा. पुण्यात विद्यापीठाचा वातावरण आणि अवकाशशास्त्राचा विभाग आहे. तिथल्याच आयआयटीएममध्ये (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत) भर मुख्यतः मान्सूनवर. मुलाखतीत वॉर्मिंगबद्दल क्वचितच विचारतात. हवेचा दाब उंचीनुसार कसा घटतो ते काढून दाखवा, स्थितांबरात तापमान वर जाताना का वाढतं, प्लाझ्मा वारंवारता म्हणजे काय, फूरिये रूपांतर कशासाठी, असलेच प्रश्न. बीएस्सीची पुस्तकं परत काढा.

गाईड निवडताना त्याचे किती पेपर आहेत यापेक्षा दोन गोष्टी विचारा, आणि त्याला नव्हे, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना, तेही कँटीनमध्ये : नोंदी हातात यायला किती महिने लागले, आणि पहिल्या पेपरवर पहिलं नाव कोणाचं होतं. उपकरणांवर काम करायला मिळत असेल तर नाही म्हणू नका. पावसाळ्यात अँटेनाच्या केबलमध्ये पाणी शिरल्यावर आलेख कसा दिसतो हे ज्यानं पाहिलंय, तो पुढे तसल्या आलेखाला नवा शोध समजत नाही.

पैशाचं सांगायचं तर जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (सुरुवातीच्या वर्षांची पाठ्यवृत्ती) दरमहा ३७ हजार आणि एसआरएफला (त्यानंतरची) ४२ हजार, वर घरभाडं. वेळेवर येईलच असं नाही. दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. पीएचडीनंतर बहुतेकांना बाहेर पोस्टडॉक करावा लागतो. मी जर्मनीत केला. तिथे फायदा झाला तो आपल्या नोंदींचाच. विषुववृत्ताजवळची लांब, जुनी मालिका हाताळलेला माणूस त्यांना हवा असतो. परत येऊन कायम नोकरी मिळणं अवघड आहे, जागा थोड्या आहेत, आणि हे कळून-सवरून यात उतरावं. माझ्या बरोबरचे काहीजण आज हवामानाच्या किंवा माहितीविश्लेषणाच्या खासगी कंपन्यांत आहेत आणि सुखात आहेत.

घरी समजावणं हा वेगळाच प्रकल्प. आत्याला अजून वाटतं मी हवामान खात्यात आहे, दर जूनमध्ये फोन येतो, "अगं, पेरणी करायची का थांबायचं?" अलीकडे थंडी पडली की ध्रुवीय भोवऱ्याचे फॉरवर्ड येतात. फेब्रुवारी २०१८ च्या वॉर्मिंगनंतर युरोप गारठला हे खरं, पण जानेवारी २०१९ च्या वॉर्मिंगचा परिणाम जमिनीपर्यंत तसा पोचला नाही. नाशिकच्या द्राक्षांवर पडलेल्या दवाचं खापर लगेच उत्तर ध्रुवावर फोडू नका, एवढंच मी कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिते. कोणी वाचत नाही.

काम अजून भरपूर शिल्लक आहे. रात्रीच्या आयनांबरात काय होतं, प्लाझ्माचे बुडबुडे, ज्यांच्यामुळे जीपीएस आणि भारताच्या नाविक उपग्रहांचे संदेश थरथरतात, ते वॉर्मिंगच्या काळात दबतात की वाढतात, यावर एकमत नाही. मॉडेलमध्ये ग्रॅव्हिटी वेव्ह अंदाजानंच घातलेल्या असतात. दक्षिण गोलार्धातली घटना तर हाताशी जवळपास नाहीच.

अर्ज करण्याआधी एक गृहपाठ करून बघा, लॅपटॉपवर होतो. डिसेंबर २००८ ते फेब्रुवारी २००९ चा ६० अंश उत्तरेचा १० हेक्टोपास्कलवरचा वारा ईआरए५ मधून उतरवा आणि तो शून्याखाली कधी जातो ते काढा. मग मुंबईच्या जागतिक भूचुंबकत्व माहिती केंद्रातून तिरुनेलवेली आणि अलिबागच्या तासागणिक नोंदी मागवा, वजाबाकी करा, आडव्या अक्षावर तारीख आणि उभ्यावर स्थानिक वेळ घेऊन चित्र रंगवा. त्यावर अमावस्या-पौर्णिमा खुणा करा. मग हेच सगळं वॉर्मिंग न झालेल्या एखाद्या हिवाळ्यासाठी पुन्हा करा, आणि दोन्ही चित्रं मुलाखतीला सोबत न्या.